खुर्ची कोणाची?

"सर, हिटलर वाईट होता, पण त्याने बेकारी तर संपवली ना?" दहावीच्या वर्गात एका मुलाने विचारले. मी रागावलो नाही. बी.एड. होऊनही मी काही वर्षे विनाअनुदानित तुकडीवर काढली आहेत. नोकरीची आस माणसाला काय काय मान्य करायला लावते, हे मला ठाऊक आहे.

जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख बेकार होते. १९३९ पर्यंत बेकारी जवळपास संपली, हे खरेच. पण कशी? नवविवाहितांना १००० मार्कांपर्यंत कर्ज मिळे. एक अट अशी, की बायकोने नोकरी सोडायची. १९३५ पासून तरुणांना सक्तीची श्रमसेवा आणि सक्तीची लष्करभरती. कारखाने शस्त्रांच्या मागणीवर धडधडू लागले. तो खर्च लपवायला शाख्तने 'मेफो' नावाच्या हुंड्या काढल्या. २ मे १९३३ रोजी कामगार संघटना मोडल्या होत्या. मजुरी वाढवून मागणार कोण?

आणि ७ एप्रिल १९३३ चा कायदा. त्याने अनेक ज्यू सरकारी नोकरांना घरी बसवले. त्यांत शिक्षकही होते. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर दुसरा कोणी बसला की सरकारी हिशेबात एक बेकार कमी!

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, नव्या शिक्षकाला हे माहीत असेल?"

"असणारच," मी म्हणालो. "हजेरीपटावर आधीच्याचे अक्षर होते ना!"