पार्श्वभूमी

भाद्रपद सरत आलेला असतो आणि आश्विन लागायचा असतो, त्या पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडे सकाळचा उजेड पालटतो. श्रावणातला उजेड ओला आणि अस्थिर असतो. ढग सरकला की पानाचा रंग बदलतो. ऑक्टोबरचा उजेड कोरडा आणि कठोर असतो. या दोहोंच्या मधल्या दिवसांत, साधारण सात ते साडेआठच्या दरम्यान, जो तिरपा आणि मऊ प्रकाश मिळतो, तो वनस्पतींची छायाचित्रे काढणाऱ्याला वर्षभर पुरवून वापरावासा वाटतो. पानावरची लव वेगळी दिसते, दव अजून उडालेले नसते आणि वारा बहुधा पडलेला असतो.

गेली काही वर्षे या दिवसांतल्या माझ्या सकाळी दोन ठिकाणी वाटल्या जातात. एक, सांगलीतील एका महाविद्यालयाची वनस्पतिबाग. दुसरे, साताऱ्याच्या पश्चिमेला असलेले कासचे पठार. या दोहोंत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे आणि हवामानात तर जमीन-अस्मानाचे. कासला पावसाळाभर धुके आणि संततधार. सांगली पर्जन्यछायेत, काळ्या मातीत. तरीही एक धागा या दोन्ही ठिकाणांना बांधून ठेवतो. कासच्या बाजूला उगम पावणारी उरमोडी पुढे कृष्णेला मिळते, आणि कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाखालून वाहते. पठारावरून ओघळलेले पाणी शेवटी या बागेच्या गावात येतेच.

कॅमेरा तोच, भिंगही तेच आणि पाहणारा मीच. तरी दोन्हीकडची छायाचित्रे शेजारी ठेवली की त्यांत एक फरक जाणवतो, आणि तो केवळ सुंदर-असुंदरचा नसतो. त्या फरकाविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी बागेविषयी. मागच्या फाटकातून आत गेले की डाव्या हाताला औषधी वनस्पतींचे वाफे, पुढे नेच्यांची सावलीतली जागा आणि शेवटी हिरव्या जाळीखाली मांडलेल्या कुंड्या. प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पाटी: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ. सकाळी माळीमामा पाणी घालत असतात. छायाचित्र काढायचे असेल तर त्यांना आधी सांगावे लागते, कारण झारीचे पाणी पडले की दव आणि पाणी यांतला भेद संपतो. मामांना आता ते ठाऊक आहे. मला पाहिले की ते म्हणतात, "सर, तुमची रांग शेवटाला ठेवलीय. उरका तुमचं."

त्या रांगेत कंदीलपुष्पाच्या चार-पाच कुंड्या आहेत. कंदीलपुष्प म्हणजे सिरोपेजिया, रुईच्या कुळातली प्रजाती. भारतात तिच्या सुमारे ६० जाती आढळतात आणि त्यांतल्या बहुसंख्य प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे जगात इतरत्र कोठेही नाहीत. फुलाच्या पाकळ्या टोकाशी एकमेकींना जुळून वर पिंजऱ्यासारखा घुमट करतात. खाली अरुंद नळी आणि तळाशी फुगीर कुपी. बारीक माश्या वासाने आकर्षित होऊन आत उतरतात. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे त्यांना परत वर येता येत नाही. काही काळाने केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी परागांचे पुंजके अंगावर घेऊन बाहेर पडते. फूल माशीला मारत नाही, थोडा वेळ अडवून ठेवते इतकेच.

अशा फुलाचे बागेतले छायाचित्र काढणे फारसे अवघड नाही. कुंडी हवी तशी फिरवता येते. तिपाई ठेवायला सपाट फरशी आहे. मागे काळे कापड धरले की फूल अंधारात लावलेल्या दिव्यासारखे उठून दिसते. कापड नसले तर भिंगाचे छिद्र मोठे ठेवून मागचे सगळे धूसर करता येते. छायाचित्रकारांच्या गप्पांत या धूसरपणाला मोठा मान असतो. पार्श्वभूमी जितकी विरघळलेली, तितके चित्र शुद्ध, अशी एक समजूत आहे. आणि बागेत ती योग्यही आहे, कारण मागे असते काय? जाळीचा बांबू, शेजारची कुंडी, पाण्याची नळी. ते पुसले तर काही बिघडत नाही.

या कुंड्यांना मी शोभेच्या कुंड्या म्हणणार नाही. आपल्या भागात कंदीलपुष्पे टिकली आहेत त्यात वनस्पतिबागांचा वाटा मोठा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रजातीच्या जाती डोंगरकड्यांवरून शोधून आणल्या, वाढवल्या, त्यांची रोपे तयार केली. कंदीलपुष्पाचे कंद खाण्याजोगे असतात. गुराखी ते उकरून खात आले आहेत, रानडुकरेही खातात. त्यात रस्ते, खाणी आणि बांधकामे यांची भर पडली. अशा वेळी एखाद्या जातीची काही झुडपे सुरक्षित जागी असणे ही चैन नसून विमा आहे. मामांच्या झारीवर काय अवलंबून आहे, याची जाणीव त्या रांगेपुढे उभे राहिल्यावर होते.

आता पठार. कासला पहाटे पोचले की पहिली अडचण प्रकाशाची नसते, पायाची असते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या सपाट जागांना सडा म्हणतात. वरचा थर जांभ्याचा, त्यावर माती कोठे बोटभर, कोठे तीही नाही. खडकाच्या खळग्यांत पाणी साचते. मातीची जाडी आणि पाण्याची खोली जशी बदलते तशा वनस्पती बदलतात. उघड्या खडकाच्या भेगांत एक समाज, ओलसर पातळ मातीत दुसरा, डबक्यात तिसरा. ओल्या जागेत सीतेची आसवे जांभळ्या पट्ट्यांनी पसरलेली असतात आणि त्यांच्यामध्ये गेंदाचे पांढरे गोंडे. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीखाली तिच्या अगदी लहान पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत अडकतात, कारण या मातीत नत्र फार थोडे. तिच्या शेजारीच दवबिंदूची लालसर पाने चिकट थेंबांनी किडे पकडतात. म्हणजे ही नाजूक फुले इथे का आहेत, या प्रश्नाचे उत्तर त्या मातीच्या गरिबीत आहे. माती जाड आणि सकस असती तर इथे गवत असते.

अशा ठिकाणी पार्श्वभूमी धूसर करायची म्हणजे काय पुसायचे? खडक पुसला तर मातीची जाडी गेली. डबके पुसले तर वर्षाचा हिशोब गेला. शेजारची वनस्पती पुसली तर सोबत गेली. फूल उरेल, पण ते फूल सांगलीच्या जाळीखाली काढले की इथे, हे कोणी सांगू शकणार नाही.

वायतुऱ्याच्या बाबतीत हे मला फार स्पष्टपणे जाणवते. सड्यावरच्या उथळ पाण्यात वाढणारी ही वनस्पती. तिचा तुरा दुभागलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा, म्हणून हे नाव. नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी. अभ्यासकांनी तिचे वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध केले आणि तिला नाव दिले ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. लॅटिनमधला हा 'एन्सिस' प्रत्यय 'त्या ठिकाणचा' असे सांगतो. पाचगणीवरून नाव मिळालेले एक कंदीलपुष्पही आहे, सिरोपेजिया पंचगणिएन्सिस. ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनी ते नोंदवले. वनस्पती कोठेही नेऊन लावली, तरी तिच्या नावात तिचे गाव राहते. एका सकाळी डबक्याच्या काठाशी थांबलो असताना सोबतचे स्थानिक वाटाडे म्हणाले, "दादा, ह्ये पानी आटलं की संपलं. मग कंद खाली झोपतो, त्यो पुढच्या पावसालाच उठतो." एका वाक्यात त्यांनी डबके, कंद आणि पाऊस हे तिन्ही आणले. माझ्या चौकटीत त्यांपैकी एक तरी असायला हवे होते, म्हणून मी भिंग बदलले आणि काठावर उभ्यानेच डबक्यासह एक चित्र घेतले.

ही गोष्ट केवळ छायाचित्रणाच्या आवडीनिवडीची राहिलेली नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली, त्यांत कास होते. त्याआधीच छायाचित्रांनी कासची कीर्ती दूरवर पोचवलेली होती. गर्दी वाढली, म्हणून कुंपण आले, प्रवेशशुल्क आले, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा आली. कुंपणामुळे गुरांची चराई थांबली. त्याने गवत माजते आणि फुले दबतात अशी तक्रार गावकऱ्यांनी व काही अभ्यासकांनी केली, आणि पुढे ते कुंपण काढण्याचा निर्णय झाला. या वादात कोणाचे किती बरोबर, हे ठरवायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतील. पण वाद कशाविषयी होता ते पाहावे. एकेका फुलाविषयी तो नव्हताच. गवत, गुरे, शेण, पायवाटा, पाणी यांविषयी होता. म्हणजे आपण छायाचित्रात ज्याला धूसर करतो त्या सगळ्याविषयी. धोक्यात आहे ती पार्श्वभूमीच.

आणि फूल मोठे दिसावे म्हणून माणसे फुलांत आडवी होतात, तेव्हा ही पार्श्वभूमी अंगाखाली असते. दोन बोटे मातीवर चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून जाणाऱ्या झाडांना एका गुडघ्याचे वजन पुरते. एका चित्रासाठी वीतभर सीतेची आसवे मातीत बसलेली मी पाहिली आहेत; चित्र मात्र निर्मळ आले असणार. खडकावर उभे राहून, वाटेवरून, लांब भिंगाने जे मिळेल ते घ्यावे, उरलेले डोळ्यांनी पाहावे, एवढाच नियम पुरेसा आहे.

जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांची रीत इथे आठवते. ते झाड उपटत, कागदात दाबून सुकवत. त्या कागदावर वनस्पती तपकिरी, सपाट आणि निष्प्राण असते. पण कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर लिहिलेले असते: कोठे मिळाली, कोणत्या तारखेला, कशा जमिनीत, फुलांचा रंग काय, कोणी गोळा केली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालयासारख्या ठिकाणी अशी हजारो पाने जपलेली आहेत. एखादी जाती एके काळी कोठे होती याचा पुरावा आज तेच देतात. झाड मेलेले, पण त्याचा मुक्काम जिवंत. आपल्या छायाचित्रात नेमके उलटे होते: फूल टवटवीत आणि मुक्काम बेपत्ता.

यावर उपाय सोपा वाटतो, जागा दाखवावी. पण त्यातही एक पेच आहे. हल्लीचे कॅमेरे आणि फोन चित्राबरोबर अक्षांश-रेखांशही नोंदवतात. दुर्मीळ जातीचे असे चित्र सर्वांपुढे ठेवणे म्हणजे कंद उकरणाऱ्याला आणि हौशी संग्राहकाला वाट दाखवणे. तेव्हा जागा दाखवायची, पण पत्ता द्यायचा नाही. कोणत्या खडकावर, किती मातीत, कोणाच्या शेजारी, हे सगळे सांगायचे. कोणत्या वळणावर, हे नाही. नेमके ठिकाण अभ्यासकाला कळवायचे आणि इतरांसाठी तालुका पुरे.

म्हणून आता प्रत्येक वनस्पतीची मी दोन चित्रे घेतो. एक जवळून, फुलाचे. दुसरे उभ्याने, चार पावले मागून: त्यात फूल शोधावे लागते. सोबत वहीत तारीख, वेळ, मातीची जाडी, पाणी आहे की नाही, शेजारी कोण. दुसऱ्या प्रकारचे चित्र कोणी मागत नाही, भिंतीवर लावत नाही. बागेतल्या कुंड्यांचीही मी तशी चित्रे घेऊ लागलो आहे; त्यांत बांबू, जाळी, नळी आणि कधी कधी मामांचा झारी धरलेला हात येतो. त्या रोपांची पार्श्वभूमी तीच आहे, आणि तीही टिकली तरच रोपे टिकतील. मात्र एक प्रश्न त्या रांगेपाशी दर वर्षी पडतो. कुंपीपर्यंत उतरणारी ती बारीक माशी जाळीखाली येते का, आणि आलीच तर ती सड्यावरचीच असते का? फुलांना शेंगा धरल्या आहेत का, हे मी कॅमेरा आवरण्याआधी पाहतो. यंदा पाच कुंड्यांपैकी एकीला एक जोडी धरली होती. तिचे चित्रही घेतले, जाळीसकट.