अक्षरांचे वजन

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेची पाने आज संगणकावर जुळली आहेत. आम्ही वसतिगृहात होतो तेव्हा बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमपत्रिका आणि १४ एप्रिलची हस्तपत्रके विद्यालयाच्या लहानशा छापखान्यात निघत. ती जुळवण्याचे भाग्य वरच्या वर्गांतील आम्हा मुलांना लाभले.

वहीत मुळाक्षरे गिरवणे वेगळे आणि शिशाच्या खिळ्यांतून ती वेचणे वेगळे. केसमध्ये काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे यांचे कितीतरी कप्पे असत. अर्ध्या ‘ग’ला काना लावला की पूर्ण ‘ग’ होई; ‘बुद्ध’मधील ‘द्ध’ मात्र एकाच खिळ्यात तयार मिळे. खिळ्यावरचे अक्षर उलटे. तो कोणत्या बाजूने धरायचा हे त्याच्या अंगावरील खाचेमुळे बोटांना कळे. डाव्या हातातील स्टिकमध्ये ओळ भरावी, स्पेस घालून ती घट्ट बसवावी, ओळी गॅलीत उतरवून दोऱ्याने बांधाव्यात आणि आवळलेला फर्मा ट्रेडलवर चढवावा. पहिला कागद बाहेर येई, उलटी अक्षरे सुलटी होऊन समोर उभी राहत आणि आमचे भान हरपे. कागदाच्या पाठीवर बोट फिरवले तर अक्षरांचा उठाव लागे.

हा आनंद केवळ कारागिरीचा नव्हता. आमच्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा कागदावर अंगठा उठवीत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांची नातवंडे ओंजळीत अक्षरे घेऊन त्यांचे वजन पाहत होती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले, तेव्हा त्यांतील शब्दन्‌शब्द असाच खिळा-खिळा वेचून जुळला होता. ही गोष्ट आम्हांला पुस्तकाआधी बोटांनी शिकवली. पुढे वाचनात आले, की धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक ‘जिकजी’ हे १३७७ साली कोरियातील एका बौद्ध विहारात छापले गेले. तेव्हा आपला तो लहानसा छापखाना फार मोठ्या परंपरेतला आहे, असे वाटून ऊर भरून आला.

छपाई आटोपली की खिळे धुऊन आपापल्या कप्प्यात परत घालावे लागत. जयंतीच्या पत्रकातला ‘म’ आठवड्याभराने स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणात भेटे. कोणतेही अक्षर कोणा एकाच्या मालकीचे नसते, हे त्या कप्प्यांनी आमच्या मनावर ठसवले.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी असा एखादा खिळा जपून ठेवलेला असेल, तर तो आपल्या मुलांच्या तळहातावर अवश्य ठेवावा. अक्षराला वजन असते, हे त्यांनाही कळू द्यावे.