रांग न धरणाऱ्या ओळी

रोज डेटाबेसवर काम करताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते, अगदी स्वतःलासुद्धा: टेबलमधल्या ओळींना क्रम नसतो. वहीची सवय इथे आडवी येते. वहीत पाचवी नोंद चौथीच्या खालीच असते. पडद्यावरचं टेबल तसंच दिसतं, म्हणून ते आतूनही तसंच असणार असं आपण धरून चालतो. पोस्टग्रेसमध्ये एक ते पाच क्रमांकांच्या पाच ओळी भरा, दुसरीतला फोन नंबर 'अपडेट'ने बदला आणि साधं 'सिलेक्ट' चालवा. बहुधा उत्तर येतं एक, तीन, चार, पाच, दोन. पोस्टग्रेस जुन्या ओळीवर गिरवत नाही. तिची नवी आवृत्ती मागे जोडतो. पुढे एखादी ओळ 'डिलीट' झाली आणि 'व्हॅक्यूम'ने तिची जागा मोकळी केली, की आज भरलेली नोंद त्या फटीतही बसू शकते.

यावर मायएसक्यूएलवाले हमखास म्हणतात, आमच्याकडे असं होत नाही. अर्धं खरं आहे. मायएसक्यूएलचं साठवण-इंजिन इनोडीबी ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच ठेवतं, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, आणि घात तिथेच होतो. कुणीतरी तालुक्याच्या कॉलमवर इंडेक्स टाकतो; क्वेरीला फक्त आयडी आणि तालुका हवा असतो; ऑप्टिमायझर तो छोटा इंडेक्सच वाचून मोकळा होतो आणि यादी तालुकावार येते. क्वेरीतलं अक्षरही बदललेलं नसतं. साठवणीच्या क्रमावर प्रोग्रामने विसंबू नये, हे एडगर कॉड यांनी १९७० च्या शोधनिबंधातच मांडलं होतं. ही मोकळीक आहे म्हणून तर डेटाबेसला जवळची वाट धरता येते.

म्हणून क्रम हवा असेल तर क्वेरीत 'ऑर्डर बाय' लिहून तो मागावा लागतो. त्यावरचा दुसरा आक्षेप वजनदार आहे: लाखो ओळी क्रमाने लावायला वेळ लागतो. लागतोच. पण क्रम नको असेल तर मागू नये, आणि हवा असेल तर योग्य इंडेक्स असताना तो जवळजवळ फुकटात पडतो. मला खुपतं ते वेगळंच. 'ऑर्डर बाय' लिहूनही काम अर्धवट राहतं. तारखेनुसार वीस-वीस पावत्यांची पानं पाडली आणि एकाच तारखेच्या पन्नास पावत्या निघाल्या, तर त्या पन्नासांत आधी कोण, हे पुन्हा डेटाबेसच्या मर्जीवर. पहिल्या पानावरची पावती दुसऱ्यावरही दिसू शकते, आणि एखादी कुठेच सापडत नाही. तारखेमागे पावती क्रमांक लावला की हा घोळ मिटतो. एक स्वल्पविराम आणि एका कॉलमचं नाव, एवढंच टाइप करायचं असतं.