नेकारकाठचे बिऱ्हाड

पुण्यात बिऱ्हाड शोधून दमलेल्या माणसाला जगाच्या पाठीवर कोठेही घर मिळेल, अशी माझी समजूत होती. २०२२ च्या ऑक्टोबरात वर्षभराच्या अध्यापनासाठी मी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेलो आणि ती समजूत पहिल्या पंधरवड्यातच नेकार नदीत बुडाली.

गाव मोठे देखणे. खाली संथ वाहणारी नेकार, वर डोंगराच्या कुशीत तांबड्या दगडाचा पडका किल्ला आणि १३८६ साली स्थापन झालेले विद्यापीठ. येथल्याच दक्षिण आशिया संस्थेतल्या गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाच्या उपासनेचा आणि धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास केला. म्हणजे मल्हारी मार्तंड आमच्या आधीच येथे पोहोचलेले! देवाची सोय झाली होती. प्रश्न आमचा होता.

पाहुण्यांसाठी असलेल्या खोलीत एक महिना राहण्याची मुभा होती. तेवढ्यात घर पाहणे भाग होते. जाहिराती वाचू लागलो, तो तेथे दोन प्रकारची भाडी : थंड आणि गरम! नुसत्या घराचे ते थंड भाडे. त्यात घर उबदार ठेवण्याचा, पाण्याचा, केरकचऱ्याचा खर्च मिळवला की ते गरम होते. शिवाय अनामत रक्कम, ती तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत. मात्र घरमालकाला ती स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाही, निराळी ठेवावी लागते. आणि भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देण्याची कायद्याने मुभा आहे. पुण्यात बुडालेल्या माझ्या दोन अनामत रकमा आठवून मला अगदी गहिवरून आले.

खरी गोम पुढेच होती. माझा व्हिसा तीन महिन्यांचा; पुढची मुदत तेथे जाऊन वाढवून घ्यावयाची. त्या अर्जाला राहत्या पत्त्याची नोंद जोडावी लागते. नोंद नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत करावयाची, आणि तिला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद हवा. म्हणजे घर नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर मुदत नाही. आणि घरमालकाचा पहिला प्रश्न असे, "तुमचा व्हिसा कधीपर्यंत आहे?" मी 'जानेवारी' म्हटले की पलीकडून सभ्य आवाजात उत्तर येई, "क्षमा करा, जागा आत्ताच दिली."

पाचव्यांदा हे उत्तर ऐकले, तेव्हा तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता.

२०१८ साली सुदानचा एक विद्यार्थी आमच्या पुण्याच्या घराची माडीवरची खोली विचारायला आला होता. मुलगा नम्र, भाडेही देऊ करीत होता. परंतु परदेशी माणूस ठेवला की घरमालकाने त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. ती यातायात कोण करणार? मी म्हणालो, "अहो, खोली आत्ताच भाच्याला दिली." माझा भाचा तेव्हा नाशकात सुखाने स्वतःच्या घरी नांदत होता!

अखेर नदीपलीकडे, नॉयेनहाइम भागात, ऐंशीच्या घरातल्या एका बाईंकडे गेलो. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी 'जानेवारी' म्हणालो आणि उठण्याच्या तयारीला लागलो. बाई चष्मा शोधत म्हणाल्या, "मग सही आजच करायला हवी." मला जाताना पाहून त्यांनी बसवले आणि सांगितले, "युद्धानंतर पूर्वेकडून आई मला घेऊन आली. परक्यांच्या घरात एका खोलीत आम्ही चार वर्षे काढली. त्यांना आम्ही नको होतो. तरी त्यांनी राहू दिले." त्या काळी असे लक्षावधी जर्मन निर्वासित पूर्वेकडून आले होते, हे मी पुस्तकात वाचले होते. पुस्तकातले ते वाक्य आज माझ्यासमोर चष्मा लावून सही करीत होते.

बाईंचे सौजन्य मी फार काळ सुखाने उपभोगले असे नाही. थंडीच्या धाकाने खिडक्या घट्ट लावून मी ओले कपडे खोलीतच वाळत घातले. महिन्याभरात भिंतीवर काळी बुरशी उमटली. आता अनामत गेली, असे मी धरूनच चाललो. बाईंनी भिंत पुसून घेतली आणि बजावले, "दिवसातून दोनतीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. पाच मिनिटे. थंडीने तुम्ही मरणार नाही, भिंत मात्र मरेल."

मुदतवाढीचा अर्ज डिसेंबरात केला. त्यात विम्याचा एक कागद माझ्याच हलगर्जीपणाने राहून गेला. तो पुरा करीपर्यंत जानेवारीची तारीख येऊन ठेपली. रात्र रात्र झोप नाही. परंतु मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला असेल, तर निकाल लागेपर्यंत जुनी परवानगी चालू आहे असे कायदा मानून चालतो, आणि तसा दाखलाही मिळतो. त्या दाखल्याच्या नावात चक्क 'फिक्शन' हा शब्द आहे! वीस वर्षे कथाकादंबऱ्या शिकवल्या, पण कल्पित वाङ्मयाने माझे रक्षण केले ते प्रथमच. फेब्रुवारीत परवानगी हाती आली.

२०२३ च्या शरदात घर सोडले, तेव्हा बाईंनी भिंत निरखून पाहिली. अनामत पुढे पै न् पै परत आली.

पुण्यास आल्यावर सुदानच्या त्या मुलाचा शोध घेतला. तो केव्हाच शिक्षण संपवून गेला होता. त्याची क्षमा मागणे राहिले ते राहिलेच. मात्र पुढल्या जूनमध्ये केनियाचा एक विद्यार्थी खोली विचारीत आला. सरकारला कळवण्याची माहिती मी त्याला समोर बसवूनच भरली. अर्धा तास लागला. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतीने चहा आणला आणि मुलाला विचारले, "जेवायला थांबणार ना?"

निघताना मी त्याला एकच नियम सांगितला : पावसाळ्यात ओले कपडे खोलीत वाळत घालायचे नाहीत.