पायांकडे पाहावें

आमच्या नांदेडच्या घरीं एक जुनी रीत अजून चालू आहे. सायंकाळीं देवाजवळ दिवा लागला, शुभंकरोति झालें, कीं मुलें ओळीनें सर्व वडीलधाऱ्यांच्या पायां पडतात. सणावारीं आम्ही मोठेहि त्या ओळींत असतों. तीन भावांचे संसार एका चुलीवर चालत असल्यामुळें या ओळीला बरीच लांबी येते. या रीतीचा आम्हांस अभिमान होता, व अजूनहि आहे. परंतु तीन वर्षांपूर्वींच्या आषाढांत त्या अभिमानाला जो धक्का बसला, तो सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

आमचे थोरले चुलते सत्तरी ओलांडलेले आहेत. घरांत त्यांना सर्व नाना म्हणतात. अहमदपूर तालुक्यांत आमची थोडी जमीन आहे; तेथील गांवच्या दिंडीबरोबर ते लातूर, मुरूड, बार्शी या मार्गानें दरवर्षीं पंढरीस पायीं जात, आणि तेंहि अनवाणी. मधुमेह पंधरा वर्षांचा. पण गोळ्या वेळेवर, गोड वर्ज्य, त्यामुळें प्रकृतीविषयीं कोणास फारशी काळजी नव्हती.

त्या वर्षीं पावसानें दिंडीची पाठ सोडली नाहीं. आमच्याकडील काळ्या जमिनीचा गुण ज्यांस ठाऊक आहे, त्यांस अधिक सांगणें नलगे. ही माती पाणी प्याली कीं फुगते, आणि उन्हाळ्यांत तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसांत दहा पावलें चालावें तों तळपायाला चिखलाचा जाड थर चिकटतो; वहाण रुतून बसते व तिचा अंगठा तुटतो; म्हणून शेतकरी वहाणा हातांत घेऊनच बांध ओलांडतो. अशा चिखलांतून व रस्त्याकडेच्या डबक्यांतून नाना जवळजवळ दोन आठवडे चालले. मुक्कामावर पाय धुवावेत, ते ओलेच चादरीखालीं घ्यावेत, व पहाटे पुन्हां चिखलांत घालावेत, असा क्रम होता.

द्वादशीचें पारणें करून ते एस. टी. नें परत आले. त्या सायंकाळीं घरांतील चौदा माणसांनीं त्यांच्या पायांवर डोकें ठेविलें. वारकऱ्याचे पाय, म्हणून जरा अधिकच भक्तीनें. पुढें चौथ्या दिवशीं आमच्या धाकट्या सूनबाई फरशी पुसत असतां त्यांना नानांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत ओलसर, पिवळट ठसे दिसले. त्या म्हणाल्या, "नाना, जरा पाऊल वर करतां का?" उजव्या करंगळीखालीं बाभळीचा काटा मोडून आंत राहिला होता. भोंवतीं पू झाला होता. बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांनीं कातडी पांढरी पडून फाटली होती. दुखत नाहीं का, असें विचारतां नाना शांतपणें म्हणाले, "नाहीं ग पोरी. दुखलें असतें तर मीं सांगितलें नसतें का?"

शस्त्रक्रिया करावी लागली. करंगळी गेली, पाऊल वाचलें. दीड महिना नाना खाटेवर होते. डॉक्टरांनीं पहिल्याच भेटींत विचारलें होतें, "यांचे तळपाय शेवटचे कोणी व केव्हां पाहिले?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. चौदा माणसें त्या पायांवर वांकलीं होतीं, त्यांत आम्हीहि होतों. पाहिले कोणींच नव्हते.

दुखत नव्हतें, हेंच खरें दुखणें होतें. मधुमेह बरींच वर्षें अंगांत राहिला म्हणजे पायांच्या मज्जातंतूंची जाणीव हळूहळू जाते, व रक्ताचा पुरवठाहि मंदावतो. मग काटा, खडा, चटका कांहींच कळत नाहीं. या बाबतींत डॉ. पॉल ब्रँड यांचें कार्य प्रत्येक घरास माहीत असावयास हवें. १९४६ सालीं ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. कुष्ठरोग्यांचीं बोटें रोगानेंच झडतात, अशी तेव्हां सर्वत्र समजूत होती. वेदना नाहींशी झाल्यामुळें जखमेकडे दुर्लक्ष होतें, व त्या दुर्लक्षानें बोटें जातात, हें ब्रँड यांनीं दाखवून दिलें. पुढें अमेरिकेंत हेंच ज्ञान त्यांनीं मधुमेही रुग्णांच्या पायांस लावून दाखविलें. ज्या वेदनेला आपण शत्रु समजतों, ती वस्तुतः घरची पहारेकरीण आहे. ती निघून गेली, तर तिच्या जागीं कोणीतरी माणूस बसविलाच पाहिजे.

तो माणूस कोण असावा, याचें उत्तर आम्हांस पहिल्या महायुद्धाच्या इतिहासांत सांपडलें. १९१४ च्या हिवाळ्यांत फ्रान्सच्या आघाडीवर, पाण्यानें भरलेल्या खंदकांत दिवसचे दिवस उभे राहून शिपायांचे पाय सुजत, बधिर होत व कधीं कधीं सडत. आपले हिंदी शिपाईहि त्या चिखलांत होते. यावर इंग्रज सैन्यानें काढलेला उपाय अगदीं साधा होता: पाय कोरडे करून देवमाशाचें तेल चोळावें, कोरडे मोजे बदलावेत, आणि दोघा-दोघांच्या जोड्या लावून प्रत्येकानें दुसऱ्याचे पाय सांभाळावेत. स्वतःचा तळपाय स्वतःस नीट दिसत नाहीं. म्हातारपणीं तर पाठ वांकत नाहीं व दृष्टीहि मंद होते. ज्या गोष्टीसाठीं सैन्याला हुकूम काढावा लागला, ती सोय आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत आयती होती. उणीव होती ती फक्त मान खालीं घातल्यावर डोळे उघडे ठेवण्याची.

तेव्हांपासून आमच्या घरीं कांहीं नियम ठरले आहेत. पाय कोमट पाण्यानें धुवावेत. परंतु पाण्याचा चटका ज्याला जाणीव आहे त्यानें कोपर बुडवून आधीं पाहावा. धुतल्यावर जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानें प्रत्येक बेचकें टिपून कोरडें करावें. विशेषतः करंगळी व तिच्या शेजारचें बोट यांमधील, कारण तेथें वारा शिरत नाहीं व बुरशी प्रथम तेथेंच धरते. टांचेला व तळव्याला करडईचें किंवा खोबरेल तेल लावावें. बेचक्यांत मात्र लावूं नये, ओल तेथेंच कोंडते. चिखल्या आठवडाभरांत हटल्या नाहींत, तर मेंदीवर विसंबून न राहतां डॉक्टरांकडून मलम आणावें. काट्यावर बिब्याचा चटका देण्याची चाल मधुमेही माणसाच्या बाबतींत तर सर्वथा सोडावी. भिजलेला जोडा एका रात्रींत वाळत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत दोन जोड असावेत, व ओल्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत. घालण्यापूर्वीं जोडा झटकावा, आंत हात फिरवावा.

जाणीव तपासण्याची एक युक्ति इंग्लंडांतील इप्सविच येथील डॉक्टरांनीं प्रचारांत आणली आहे. वडीलधाऱ्यांस डोळे मिटावयास सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधलें बोट व करंगळी यांच्या टोंकांस आपल्या तर्जनीनें क्षणभर हलकेच स्पर्श करावा. सहांपैकीं दोन किंवा अधिक ठिकाणीं स्पर्श कळला नाहीं, तर डॉक्टरांकडे जावें. आम्हीं हें प्रथम केलें, तेव्हां नानांस एकच स्पर्श कळला. आमच्या काकूंस पांचच कळले, व त्यांना मधुमेह आहे हें त्यानंतरच्या रक्ततपासणींत निघालें.

२०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत पुराचें पाणी वस्त्यांत शिरलें, तेव्हां कित्येकांचे पाय दिवसचे दिवस ओले राहिले असतील. पुराच्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु फाटलेल्या कातडीवाटे शरीरांत शिरूं शकतात. म्हणजे कोरडा व अखंड पाय ही केवळ म्हाताऱ्यांचीच गरज नव्हे.

अनवाणी चालण्याच्या व्रताचा प्रश्न मात्र सहज सुटला नाहीं. नाना म्हणाले, "विठ्ठलानें आजवर नेलें, पुढेंहि नेईल." आम्हीं त्यांच्यापुढें चरकसंहिता ठेविली, तिच्या सूत्रस्थानांत पादाभ्यंगाबरोबर पादत्रधारणहि सांगितलें आहे. ते वाचून गप्प राहिले. अखेरीस काकूच म्हणाल्या, "अहो, पाय राहिले तर वारी राहील." त्यावर त्यांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं; पण पुढील वर्षीं मऊ रबराच्या तळाच्या, मागें पट्टा असलेल्या चपला घालून ते निघाले. बरोबर आमचा पुतण्या होता, त्याच्या पिशवींत फडकीं व मोजे होते. चंद्रभागेच्या वाळवंटांत नानांनीं त्या चपला काढून हातांत घेतल्या. पुतण्यानें विरोध केला नाहीं. दर्शन झाल्यावर मात्र पायरीवर बसवून त्यांचे दोन्ही तळवे पुसले व उजेडांत पाहिले.

आतां सायंकाळीं दिवा लागला कीं तीच ओळ लागते. सर्वांत शेवटीं असते आमची सात वर्षांची नात. नमस्कार करून ती उठत नाहीं. "पणजोबा, बोटें पसरा," म्हणते. आणि नाना निमूटपणें पसरतात.