नातवंडांच्या वाट्याचे ऊन

चाकूरसारख्या गावात कुणाला ऊन कमी पडते, असे म्हटले तर ऐकणारा हसेल. वैशाखात सावली शोधत फिरणारी आपण मराठवाड्याची माणसे! तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळते आणि मला आता त्याचे नवल वाटत नाही. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुलामुलींत ही कमतरता दिसली. त्याच वयोगटात सुमारे १० टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, तर सुमारे ५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता.

ऊन आहे, पण मूल उन्हात नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने आपली मुले पहाटे शिकवणीला जातात आणि रात्री अभ्यासिकेतून परततात. खिडकीच्या काचेतून उजेड येतो. ‘ड’ जीवनसत्त्व घडवणारे अतिनील किरण मात्र काच अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात.

मध्यंतरी एका आजींनी विचारले, “डॉक्टरसाहेब, माझ्या हाडांसाठी दिलेली पुडी नातवालाही देऊ का? हृदयाला चांगली असते म्हणतात.” त्यांचे यजमान हृदयविकाराने गेले होते, नातवाचे पोट सुटू लागले होते. त्यांची भीती खरी होती, उपाय मात्र चुकीच्या ठिकाणी शोधला जात होता.

‘ड’ कमी असलेल्या मुलांत वजन, रक्तदाब व साखर वाढलेली अधिक दिसते, हे खरे. पण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, म्हणून स्थूल मुलाच्या रक्तात ते कमी भरते; आणि जे मूल मैदानावर जात नाही, त्याचे ऊन व व्यायाम दोन्ही एकदमच बुडतात. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज ‘ड’ देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मुलांवरील चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

म्हणून कमतरता दुर्लक्षावी असे नाही. हाडे भरण्याचे हेच वय आहे. परंतु ६०,००० युनिटची पुडी वैद्यकीय सल्ल्याने, ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. मनाने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, अतितहान, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचे विकार होऊ शकतात. आजीची पुडी नातवाला देऊ नये.

नातू बारीक आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. कमरेचा घेर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा.

आजी-आजोबांनी एक गोष्ट मात्र हक्काने मागावी: नातवंडांसाठी रोजचा अर्धा-पाऊण तास मोकळ्या आकाशाखाली. हिवाळ्यात दहा-अकरानंतर हात-पाय उघडे ठेवून. उन्हाळ्यात काहिली वाढण्यापूर्वी. अभ्यासाच्या वेळापत्रकात खेळाचा तास आई-वडिलांकडून लिहून घ्यावा. हाडांना हवे ते उन्हातून मिळते आणि हृदयाला हवे ते धावण्यातून.