गोळी गावातच राहते, माणूस जातो

दिवाळी झाली की आपल्याकडची गावंच्या गावं रिकामी होतात, हे बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला नव्याने सांगायला नको. ट्रक भरतात, ट्रॅक्टर भरतात. त्यात पीठ-मीठ जातं, चुलीचा पत्रा जातो, शेळ्या जातात, लेकरं जातात. बीपीची गोळी बहुतेक जात नाही. गेलीच तर महिन्याची. हंगाम असतो पाच-सहा महिन्यांचा.

आज तेवढ्याच गोष्टीवर लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरातलं कुणी कोयत्यावर जातं त्यांनी तरी पूर्ण वाचा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासायची, हा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. वय किती, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुण जास्त आले की उपकेंद्रात तपासणी. हे काम आपल्याकडे होतं आणि आशाताई ते मनापासून करतात, हे मी पाहिलंय. अडचण तपासणीत नाही, तपासणीनंतर आहे.

आमच्या शेजारच्या वाडीवरच्या एक मावशी आहेत. पन्नाशीच्या आतल्या. बावीस-तेवीस वर्षं ऊस तोडतायत. मिश्री दिवसातून चार वेळा. पावसाळ्यात बीपी निघालं १७०/१०४. उपकेंद्रातून गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत १३८ वर आलं. मग टोळी निघाली. एप्रिलमध्ये परत आल्या तेव्हा विचारलं, गोळ्या?

"भाऊ, तिथं कुठं गोळी? संपली की संपली. अन् डोकं तर काय दुखत नव्हतं."

ते डोकं न दुखणं हाच तर या आजाराचा घात आहे. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आत हृदयावर, किडनीवर, मेंदूच्या नसांवर भार पडत राहतो. काही गोळ्या, म्हणजे अटेनोलॉलसारख्या, एकदम बंद केल्या तर बीपी उलट उसळी मारतं. हे आपल्याकडच्या किती घरांत कुणी बसून सांगितलंय?

बायकांच्या बाबतीत अजून एक गोष्ट. गर्भाशयाच्या ऑपरेशनांवरून आपला जिल्हा २०१९ मध्ये देशभर गाजला, सरकारने समिती नेमली. चर्चा झाली ती ऑपरेशन का झालं याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं गेलं असेल तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, यावर फार कुणी बोललं नाही. त्या बायका आजही फडात आहेत. धोक्याच्या यादीत त्यांची नावं वर हवीत.

आता फोनचं बघू. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे एकदा प्रत्यक्ष तपासलेल्या बीपीच्या रुग्णाला डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर पुन्हा गोळ्या लिहून देऊ शकतात, त्याच आजारासाठी आधीच्या गोळीला जोड गोळीही देऊ शकतात. कायद्याची अडचण नाही. ई-संजीवनी तर उपकेंद्रापर्यंत आलेली आहे. समुदाय आरोग्य अधिकारी समोर बसवून बीपी मोजतात, माहिती भरतात, पलीकडे मोठ्या केंद्रातले डॉक्टर व्हिडिओवर येतात, चिठ्ठी निघते. चांगली सोय आहे. मी स्वतः उपकेंद्रात बसून पाहिलीय. म्हाताऱ्या माणसाचा तालुक्याला जायचा हेलपाटा वाचतो, दिवसाची मजुरी वाचते.

पण ही सोय उपकेंद्राच्या खुर्चीला बांधलेली आहे. खुर्ची गावात, माणूस सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात. घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलायची सोयही आहे, पण तिला स्मार्टफोन लागतो, ओटीपी लागतो, रांगेत थांबावं लागतं. घरातला स्मार्टफोन असतो नवऱ्याकडे किंवा पोराकडे. ओटीपी येतो तेव्हा नवरा गाडीबरोबर कारखान्यावर नंबर लावून बसलेला असतो. शहरात बसून केलेल्या सोयीत हे कुणाच्या लक्षात येणार?

मला पटलेली कल्पना याच्या उलट आहे. रुग्णाने फोन करायचा नाही. रुग्णाला फोन यायला हवा.

इंग्लंडमध्ये असा प्रयोग झालाय, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा लकव्यासारख्या आजाराचा धोका २० टक्के किंवा जास्त आहे अशी ६४१ माणसं घेतली. काहींना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना नेहमीचे उपचार आणि वर्षभर साधारण महिन्याला एक फोन. फोन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य सल्लागार होते. समोर कॉम्प्युटरवर काय विचारायचं ते ठरलेलं. बीपी जास्त असलेल्यांना घरी मोजायचं मशीन दिलं, आकडे वाढलेले दिसले की त्यांच्या डॉक्टरांना कळवलं. वर्षानंतर फोनवाल्यांपैकी ५० टक्के लोकांचा धोका तेवढाच राहिला किंवा कमी झाला, इतरांपैकी ४३ टक्के लोकांचा. बीपी सरासरी तीन अंकांच्या आतच उतरलं. कोलेस्टेरॉल आणि सिगारेटवर काही परिणाम दिसला नाही.

म्हणजे जादू नाही झाली. हे मुद्दाम सांगतोय, कारण उद्या कुणीतरी ॲपचं उद्घाटन करेल आणि नारळ फोडून हृदयविकार संपला म्हणेल. फरक थोडाच पडला. पण तो अशा लोकांत पडला ज्यांना आधीच कायमचं घर होतं, ठरलेला डॉक्टर होता, औषध होतं. आपल्या माणसाला तर गोळीच मिळत नाही. तिथे एका फोनने गोळी चालू राहिली तर फायदा त्याहून मोठा असेल, असं माझं मत आहे. मत आहे, पुरावा म्हणत नाही.

आपल्याच देशातलंही उदाहरण आहे. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात सुरुवातीला होते. त्यांनी फार साध्या गोष्टी केल्या. सगळीकडे उपचाराची एकच ठरलेली पायरी, एका वेळी किमान महिन्याच्या गोळ्या, प्रत्येकाची नोंद, आणि जो तारखेला आला नाही त्याला फोन. आता बघा, आपली कितीतरी माणसं ऊस तोडायला जातात ती याच साताऱ्यात.

फोन करायचा तर कसा, हे टोळीत राहणाऱ्यांना विचारावं. मी चार-पाच जणांशी बोललो. सकाळी फोन उचलत नाहीत, पहाटेच फडात असतात. संध्याकाळी सातनंतर बरं, पण गाडी भरायला रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या बोलण्यात राम नसतो. रिचार्ज संपतं, नंबर बदलतो. मुकादमाचा नंबर मात्र बदलत नाही. उचल त्याच्याकडून घेतलेली असते ना! तर प्रत्येक रुग्णाच्या नोंदीवर दोन नंबर हवेत, एक स्वतःचा आणि एक टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा. मुकादमाचा नंबर शेवटचा पर्याय ठेवा. आपल्याला काय आजार आहे हे त्याला कळलं तर पुढच्या वर्षी उचल देईल का, ही भीती लोकांना आहे आणि ती खोटी नाही.

आणि फोनवर काय बोलायचं? छापील सल्ला वाचून दाखवणार असाल तर नकोच. "रोज तीस मिनिटं चाला" असं मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढणाऱ्या बाईला सांगणार का? तिला विचारा गोळ्या किती उरल्या. मिश्री चारऐवजी दोनदा होते का. पाय सुजतात का, अम्लोडिपिनने काहींचे सुजतात आणि माणूस घाबरून गोळी सोडतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि मार्चच्या उन्हात पायात गोळे येत असतील, चक्कर येत असेल, तर तो फोन तिथल्या तिथे डॉक्टरांना जोडा. छातीत कळ, दम, घाम, एक हात किंवा तोंड वाकडं, असं काही असेल तर फोनवर सल्ला द्यायचा नाही, घ्यायचाही नाही. १०८ लावायचा, रात्र असो की दिवस.

मशीनचा प्रश्न येतो. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन प्रत्येक घरात शक्य नाही, पण टोळीत एक शक्य आहे. टोळीतली दहावी-बारावी झालेली एखादी सून किंवा पोरगा अर्ध्या तासात शिकतो. पाच मिनिटं टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, आधी चहा-तंबाखू नाही, एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आकडा वहीत लिहायचा. फोन आला की सांगायचा.

पैसा कुठून, असं कमेंटमध्ये येणारच. ऊसतोड कामगारांसाठी स्वर्गीय गोपीनाथ मुंडे साहेबांच्या नावाने महामंडळ आहे. जिल्ह्याचा आरोग्य विभाग आहे, त्याच्याकडे रुग्णांच्या याद्या आहेत. गोळ्या स्वस्त आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खोलीत, आपली बोली बोलणाऱ्या काही प्रशिक्षित मुली आणि एक डॉक्टर बसवायचे, संध्याकाळी सात ते नऊ. यादीतल्या माणसाला महिन्याला एक फोन. गोळ्या संपत आल्या असतील तर चिठ्ठी मोबाईलवर पाठवायची आणि तो ज्या गावात उतरलाय तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. परजिल्ह्यातला म्हणून परत पाठवू नका, एवढा एक लेखी आदेश वरून निघाला तरी निम्मं काम होईल. कर्नाटकात गेलेल्यांचं अवघड आहे. त्यांना निघतानाच तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्या लागतील.

याच मागणीचं निवेदन मी आणि दोन मित्र सोमवारी जिल्हा परिषदेत देणार आहोत. सोबत यायचं असेल तर सकाळी अकराला या.

तोवर एक करा. तुमच्या घरातलं, भावकीतलं कुणी बीपी-शुगरच्या गोळ्या घेत असेल आणि यंदा जाणार असेल, तर दसऱ्याच्या आत त्याला उपकेंद्रात न्या. शेवटचे आकडे आणि गोळीचं नाव कागदावर मराठीत लिहून घ्या, आभाचा १४ अंकी क्रमांक असेल तर तोही. कागदाचा फोटो त्याच्या नव्हे, त्याच्या बायकोच्या किंवा पोराच्या मोबाईलमध्येही ठेवा. गोळ्या जास्तीत जास्त जितक्या मिळतील तितक्या मागा. नाही म्हणाले तर का नाही, ते विचारा आणि मला इनबॉक्समध्ये कळवा. गावाचं नाव टाका, रुग्णाचं टाकू नका.